मुलींना पाच हजार मीटर का नको?

गुजरातच्या लोकरक्षक (पोलीस शिपाई) भरतीत मुलांनी ५,००० मीटर २५ मिनिटांत पळायचे आणि मुलींनी १,६०० मीटर साडेनऊ मिनिटांत. महाराष्ट्र पोलीस भरतीत हीच अंतरे १,६०० आणि ८०० मीटर. सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा-कडोदऱ्याच्या कापड गिरण्यांच्या पट्ट्यात खानदेशी घरे कमी नाहीत. तिथल्या एखाद्या मुलीने सीमेच्या अलीकडे अर्ज केला काय नि पलीकडे केला काय, तिच्या वाट्याला तोकडेच अंतर येणार. मुलींना वेळेत सवलत दिली तर ते पटण्याजोगे आहे. पण अंतरच निम्मे किंवा एक तृतीयांशाहून कमी कशासाठी?

वेगात फरक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुरुषांचे हृदय मोठे, स्नायू जास्त, रक्तात हिमोग्लोबिन अधिक. पण जागतिक विक्रम पाहा: ८०० मीटरला स्त्री-पुरुषांच्या वेळेत साधारण १२ टक्के तफावत आहे, ५,००० मीटरला ११ टक्के. अंतर वाढले म्हणून बाई आणखी मागे पडत नाही.

शरीरातल्या इंधनाचा हिशेबही तेच सांगतो. सारख्याच नेटाने बराच वेळ पळताना स्त्रीचे शरीर पुरुषापेक्षा चरबी जास्त जाळते आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा जपून वापरते. म्हणजे दमाच्या कामात ज्या शरीराची बाजू पडती नाही, त्यालाच आपण दमाच्या परीक्षेतून सूट देतो. १९२८च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकनंतर बायकांना झेपत नाही म्हणून त्यांची ८०० मीटर शर्यत बंद झाली, ती थेट १९६०मध्ये रोमला परतली. भरतीच्या नियमांत त्याच समजुतीचा वास येतो.

फरक शोधतानाही घाई नडते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्क टार्नोपोल्स्की यांच्या गटाने १९९५मध्ये दमाच्या खेळांतल्या खेळाडूंच्या आहारातले कर्बोदकांचे प्रमाण ७५ टक्क्यांवर नेले. पुरुषांचा ग्लायकोजेनचा साठा ४१ टक्क्यांनी वाढला. बायकांचा जागचा हलला नाही. स्त्रीदेहाचा स्वभावच असा, असे म्हणून विषय मिटवता आला असता. पण याच गटाने २००१मध्ये बायकांचा एकूण आहारही वाढवून पाहिला आणि त्यांचा साठाही वाढला. मुळात खाणेच कमी, तर त्याचे ७५ टक्के ते किती असणार! शरीराच्या माथी मारलेला फरक बराचसा ताटातला निघाला.

आपल्याकडे तर ताटाचा प्रश्न आधी विचारायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गुजरातेत १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा मुलीला धाप लागली, तर दोष बाईच्या शरीराचा नाही, रिकाम्या रक्ताचा आहे. त्यावर उपाय हिमोग्लोबिनची तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण हा आहे. अंतर छाटून तो होत नाही.

भरती मंडळांनी अंतर एकच ठेवावे आणि वेळ वेगळी द्यावी. २५ मिनिटांवर ११ टक्के म्हणजे पावणेअठ्ठावीस मिनिटे होतात. हवी तर तीस द्या. पण पाच हजार मीटर पळू द्या.