नकाशा एक, इमारत दुसरी

लातूर आणि नांदेड या दोन शहरांत गेल्या काही दशकांत जो धंदा भरभराटीस आला, त्याला शिक्षण असे नाव आहे. परंतु त्यातील फार मोठा हिस्सा निव्वळ घरभाड्याचा आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीमुळे बीड, परभणी, हिंगोली, यवतमाळपासून मुले येतात. नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागांतील शिकवण्यांनीही हीच ओढ निर्माण केली आहे. या मुलांना निवारा हवा असतो, आणि त्यांना मिळणारा निवारा नगररचना विभागाने मंजूर केलेल्या नकाशात बहुधा कोठेच नसतो. एका कुटुंबासाठी दाखविलेल्या फ्लॅटमध्ये प्लायवूडचे आडोसे घालून दहा-बारा कॉट टाकल्या जातात व भाडे कॉटमागे वसूल होते. वाहनांसाठी दाखविलेल्या तळघराची ‘अभ्यासिका’ होते, तळमजल्यावरील पार्किंगला शटर बसून मेस निघते, गच्चीवर पत्र्याचा मजला चढतो. भिंत आड आली तर ती जाते. क्वचित खांबही तासला जातो.

यास ‘किरकोळ फेरबदल’ म्हणण्याची मखलाशी आता सर्वमान्य झाली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मात्र असे म्हणत नाही. ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच त्याने इमारतीच्या वापरातील मोठा बदल धरला आहे. म्हणजे एक वीटही न हलविता घराचे वसतिगृह केले तरी परवानगी लागते. 1963 च्या सदनिका मालकी कायद्याने ग्राहकांच्या संमतीवाचून मंजूर नकाशा बदलण्यास मनाई केली. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने इमारतीच्या आराखड्यातील बदलासाठी दोनतृतीयांश ग्राहकांच्या लेखी संमतीची अट घातली. कायदे तोकडे पडले, ही सबब म्हणूनच टिकणारी नाही.

लातूरने तर या बाबतीत बेफिकीर राहणे हा स्मृतिद्रोह आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने जवळजवळ आठ हजार माणसे भिंतींखाली गाडली. तोवरच्या भूकंपनकाशात हा प्रदेश सर्वांत निर्धोक पट्ट्यात गणला जात होता. दगडमातीच्या जड भिंतींनी गावे मारली, तेव्हा सिमेंट-लोखंडाचा सांगाडा तारील, असे आपण शिकलो. पण सांगाडा तारतो तो त्याचा हिशेब शाबूत असेल तरच. तळमजल्याचा खांब कापणारा दुकानदार वरच्या चार मजल्यांचा हिशेब पुसून टाकत असतो. 2017 च्या जुलैमध्ये घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून 17 जणांचा बळी गेला, तेव्हा तिच्या तळमजल्यावरील नर्सिंग होमच्या जागेत फेरबदलाचे काम चालू होते. 2019 मध्ये सुरतेत इमारतीच्या माथ्यावर बेकायदा उभारलेल्या वर्गाला आग लागून 22 जण दगावले. त्यांत बहुतेक विद्यार्थी. 2024 च्या जुलैमध्ये दिल्लीत, केवळ साठवण व वाहनतळासाठी मंजूर असलेल्या तळघरातील वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. आपल्या दोन्ही शहरांतील अभ्यासिकांच्या पायऱ्या उतरताना ही तीन नावे आठवावीत: घाटकोपर, सुरत, दिल्ली.

मग महापालिका काय करते? नोटीस देते. पुढे दंड घेते. दंड घेतला की प्रकरण मिटते आणि कॉट जागच्या जागी राहतात. अनधिकृत इमारतीवर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्तीची तरतूद आहे. ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असे कायदा बजावतो, पण व्यवहारात पावती हीच परवानगी समजली जाते. शासनाने तर हा व्यवहार प्रतिष्ठित केला. 2017 मध्ये कलम 52अ घालून 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली. गुंठेवारी कायद्याची 2001 ची मुदत 2021 मध्ये थेट 2020 च्या अखेरीपर्यंत ओढली. गुंठेवारीतील गरिबाला दिलासा मिळाला याचे आम्हांस दुःख नाही. त्याला नियमित भूखंड कोणी परवडू दिलाच नव्हता. पण गरजेपोटी झालेले आणि नफ्यापोटी झालेले अतिक्रमण एकाच दरपत्रकात बसविणे हा न्याय नव्हे. झोपडीला बुलडोझर आणि बिल्डरला दरपत्रक, ही आपल्या नगरप्रशासनाची वर्णव्यवस्था आहे.

वसतिगृहे बंद केली तर मुले कोठे जातील, असा प्रश्न मालकवर्ग मोठ्या कळवळ्याने विचारतो. प्रश्न खरा आहे, विचारणारा मात्र लबाड आहे. शासकीय वसतिगृहांच्या जागा अपुऱ्या ठेवल्या गेल्या, म्हणूनच हा बाजार चालतो. शिवाय त्याचा बोजा साऱ्या गावावर पडतो. ज्या लातुरास 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे आठ कुटुंबांसाठी मंजूर इमारतीत शंभर माणसे राहिली तर पाण्याचा व सांडपाण्याचा हिशेब कोणी करायचा?

17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मीरतच्या एका प्रकरणात, निवासी भूखंडावर दुकाने उभी राहिली होती तेथे, स्पष्ट निर्देश दिले: मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावावा, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये, पाणी व वीज जोडू नये, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाई करावी. नांदेड-वाघाळा व लातूर या दोन्ही महापालिकांनी या निर्देशांच्या पालनाचा इमारतनिहाय तपशील जाहीर करावा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. दुसरी, पाडकामाचा आणि दुरुस्तीचा खर्च बिल्डर व मालकाकडून वसूल व्हावा. फसलेल्या फ्लॅटधारकाकडून किंवा भाडेकरू मुलाकडून एक पैसाही नव्हे. पर्यायी जागा दिल्याखेरीज एकाही विद्यार्थ्याला बाहेर काढू नये.

महापालिका आपणहून हलेल, या भ्रमात राहण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी शिकवणीपट्ट्यातील पाच इमारती निवडाव्यात, त्यांचे मंजूर नकाशे व भोगवटा प्रमाणपत्रे मागवावीत आणि त्यांच्या प्रती त्याच इमारतींच्या फाटकांसमोर, मुले आणि त्यांना भेटायला आलेले आईबाप वाचू शकतील अशा जागी लावाव्यात.