एकाच खेळाला मुलाला जुंपू नका

देवगाव रंगारी परिसरातले एक वडील आठवीतल्या मुलाला घेऊन ओपीडीत आले. मुलगा वेगवान गोलंदाज. दीड महिन्यापासून कंबर दुखते, मागे वाकला की कळ येते. वडील म्हणाले, "साहेब, कबड्डी, खो-खो सगळं बंद केलं. आता रोज दोन वेळा फक्त बॉलिंग. एखादं इंजेक्शन द्या, रविवारी मॅच आहे."

भारतीय महिलांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकल्यापासून गावोगावी क्रिकेटचा उत्साह वाढला आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असल्याने पालकांच्या आशेलाही आधार आहे. पण त्याच विश्वचषकातली एक गोष्ट आपण विसरतो. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज लहानपणी क्रिकेटबरोबर हॉकीही खेळत होती आणि महाराष्ट्राच्या वयोगटातील हॉकी संघातही होती. दुसऱ्या खेळाने तिचे क्रिकेट बिघडले नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयांत बेसबॉल आणि तिकडचा फुटबॉल (चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायचा) असे दोन्ही खेळ गाजवणारे खेळाडू झाले आहेत. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या कायलर मरेला २०१८ मध्ये बेसबॉलच्या व्यावसायिक संघाने नवव्या क्रमांकावर निवडले. पुढच्याच वर्षी फुटबॉलच्या निवडीत तो पहिला आला. शेवटी त्याने फुटबॉल धरला, पण तोपर्यंत तो विशीत पोहोचला होता.

यामागचे कारण सोपे आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी आणि स्नायू जोडलेल्या जागी मऊ, वाढीचा भाग असतो. तो मोठ्यांच्या हाडाइतका टणक नसतो. कमरेच्या मणक्यांची हाडेही पुरती पक्की झालेली नसतात. वेगवान गोलंदाजीत कंबर एकाच वेळी मागे वाकते आणि पिळली जाते. हीच क्रिया वर्षभर, रोज शेकडो वेळा झाली की मणक्याच्या त्याच ठिकाणी बारीक तडा जाऊ शकतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसतोच असे नाही. खेळ बदलला की ताण वेगळ्या सांध्यांवर आणि स्नायूंवर जातो, शिवाय धावणे, वळणे, तोल सांभाळणे ही कौशल्येही पक्की होतात.

मात्र दोन खेळ म्हणजे दुप्पट सराव नव्हे. सकाळी गोलंदाजी आणि संध्याकाळी भालाफेक केली तर खांद्याला विश्रांती कुठली? दोन प्रशिक्षकांनी आपापला सराव घेतला आणि एकूण हिशेब कोणीच ठेवला नाही, तर दुखापत ठरलेलीच. दोन खेळांनी अपघातही टळत नाही. ऑबर्न विद्यापीठातून पुढे येऊन दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळणाऱ्या बो जॅक्सनचा खुबा १९९१ मध्ये फुटबॉलच्या सामन्यात निखळला, हाडाचा रक्तपुरवठा तुटला आणि पुढे कृत्रिम खुबा बसवावा लागला. त्यानंतर तो बेसबॉल खेळला, पण फुटबॉल कायमचा संपला.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेला सल्ला आपल्याकडेही लागू पडतो. १५-१६ वर्षांपर्यंत मुलाला शक्यतो एकाच खेळात अडकवू नये. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. मुख्य खेळापासून वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या हप्त्याने, विश्रांती द्यावी. आणखी एक सोपा हिशेब क्रीडावैद्यक तज्ज्ञ सांगतात: आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तास पुरे, आणि त्यात सगळे खेळ धरायचे.

दोन आठवड्यांहून जास्त टिकणारे दुखणे, रात्री झोपमोड करणारी कळ, सांध्यावर सूज किंवा लंगडणे दिसले तर मलम-गोळीवर वेळ घालवू नका. मुलाला तपासून घ्या. दुखणे दाबून मैदानात उतरवणारे इंजेक्शन वाढत्या वयात कधीच मागू नका.

त्या मुलाला मी इंजेक्शन दिले नाही. गोलंदाजी बंद करून पुढच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला पाठवले. वडील नाराज झाले. त्यांना एवढेच म्हणालो, "दादा, रविवारची मॅच परत येईल. मणका एकच आहे."