गाण्याची मालकी आणि माजघरातील सर्व्हर

ज्या गाण्यासाठी आपण दरमहा वर्गणी भरतो ते गाणे आपल्या मालकीचे झाले, ही समजूत आपल्या सुशिक्षित समाजात इतकी दृढमूल झाली आहे की, तिच्याविरुद्धचा पुरावा डोळ्यांदेखत घडत असतानाही ती ढळत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांच्यातील करार पुढे चालू राहिला नाही, तेव्हा असंख्य श्रोत्यांनी आपापल्या याद्यांत हौसेने जमविलेली हिंदी चित्रपटगीते अकस्मात मुकी झाली. २०२४ च्या जानेवारीअखेर रेसो या संगीतसेवेने भारतातील आपला कारभार गुंडाळला आणि त्याच वर्षी विंक म्युझिकनेही आपला गाशा आवरला. यांत कोणी कोणाची फसवणूक केली असा आरोप करण्याचे कारण नाही, कारण करारनाम्यात सर्व अटी यथास्थित नमूद होत्या आणि आपण त्या न वाचताच कबूल केल्या होत्या. वर्गणीदार हा शेवटी कूळच. आणि तेही असे कूळ की ज्याला कुळकायद्याचे कोणतेही संरक्षण नाही.

शहरातील श्रोत्याला ही गोष्ट वर्षातून एखाद्या वेळी जाणवते. आंजर्ल्यासारख्या गावातील श्रोत्याला ती पावसाळाभर जाणवते. दापोली तालुक्यात, जोग नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेले हे गाव कड्यावरच्या गणपतीमुळे आणि अलीकडे कासवांमुळे सर्वत्र परिचित झाले आहे. परंतु ज्याला येथे बाराही महिने राहावयाचे आहे त्याच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तुस्थिती ही की, मृग लागला म्हणजे वीज आणि तिच्या मागोमाग इंटरनेट ही दोन्ही पाहुण्यासारखी येतात-जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेले, त्यात दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील वाड्या उद्ध्वस्त झाल्या, विजेचे खांब जमीनदोस्त झाले, आणि कित्येक गावांनी कित्येक रात्री काळोखात काढल्या. अशा संकटात गाणे ऐकू येत नाही ही तक्रार क्षुल्लक, हे मला मान्य आहे. पण वीज परत आल्यावरही जोडणी येईपर्यंत घरातले सारे संगीत गप्प राहावे, ही पराधीनता मात्र क्षुल्लक नव्हे, विशेषतः तिच्यावरचा उपाय अल्प खर्चाचा आणि आपल्याच हातात असताना.

तो उपाय असा की, आपल्या संग्रहातील संगीत घरातच एका यंत्रात साठवावे, त्या यंत्रावर ते वाटून देणारा सर्व्हर बसवावा, आणि ओटीवरच्या आजोबांपासून माळ्यावर अभ्यास करणाऱ्या नातवापर्यंत ज्याला जे हवे ते त्याने आपल्या फोनवर किंवा स्पीकरवर ऐकावे. घरातल्या घरात चालणाऱ्या या व्यवहाराला बाहेरच्या इंटरनेटची गरज पडत नाही. राउटर आणि यंत्र यांना वीज मिळाली की काम भागते.

संग्रह कोठला, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्याकडच्या जुन्या घरांतील फडताळे उघडून पाहावीत: नाट्यगीतांच्या कॅसेटी, कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या मैफलींच्या मित्रामित्रांत फिरलेल्या नकला, मुंबईच्या गिरगावात घेतलेल्या तबकड्या, आणि या सर्वांहून मोलाच्या अशा त्या निनावी फिती, ज्यांवर कोणाच्या आजीच्या ओव्या आहेत, देवळातल्या उत्सवातले कीर्तन आहे, शिमग्यातले नमन किंवा गणपतीतली जाखडी आहे. ही सामग्री जगातील कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही आणि पुढेही येण्याचा संभव नाही. कोकणातील दमट हवेत फितीवर बुरशी धरते, तिचा चुंबकीय थर सुटू लागतो. म्हणून हे रूपांतराचे काम सर्व्हरच्या खरेदीपूर्वी हाती घ्यावे, कारण यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल, फीत मिळेलच असे नाही. आपल्या खाजगी उपयोगासाठी अशी प्रत करणे हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ व्या कलमातल्या न्याय्य व्यवहाराच्या सवलतीत बसते. ती गावभर वाटणे मात्र बसत नाही, आणि तो मोह टाळावा.

रूपांतर करताना फ्लॅक हा प्रकार निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २००१ पासून प्रचारात असलेला, कोणाच्याही मक्तेदारीत नसलेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या मंडळाने रीतसर नोंदविलेला हा प्रकार ध्वनीचा एकही अंश न गमावता फाइल जवळजवळ अर्ध्यावर आणतो. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे गाणे मूळ स्वरूपात सुमारे ६३५ एमबी जागा घेते, ते फ्लॅकमध्ये साडेतीनशेच्या आसपास येते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर अडीच हजार तासांहून अधिक संगीत मावते. रोज दोन तास ऐकणाऱ्या माणसालाही ते तीन वर्षे पुरेल. हा हिशेब मनाशी पक्का असला म्हणजे चार डिस्कांची, भारदस्त किमतीची पेटी गळ्यात मारू पाहणाऱ्या दुकानदारापुढे आपण डगमगत नाही.

ज्या पेटीला बाजारात नॅस म्हणतात ती, म्हणजे घरच्या जाळ्याला जोडलेली साठवणपेटी, सिनॉलॉजी, क्यूनॅप इत्यादी कंपन्या उत्तम बनवितात, आणि ज्याला यंत्राशी झटापट करण्याची आवड नाही त्याने दोन डिस्कांची साधी पेटी घेण्यास हरकत नाही. पण २०२५ साली सिनॉलॉजीने आपल्या नव्या प्लस श्रेणीच्या पेट्यांना बाहेरच्या कंपन्यांच्या डिस्क वर्ज्य केल्या आणि गिऱ्हाइकांचा रोष ओढवल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो निर्बंध सैल केला, ही हकीगत खरेदीपूर्वी स्मरणात ठेवावी. माझा स्वतःचा कल मुंबई-पुण्याहून निवृत्त होऊन गावी आलेल्या जुन्या लॅपटॉपकडे आहे. त्याची बॅटरी शाबूत असेल तर वीज गेल्यावर काही काळ तोच स्वतःचा यूपीएस होतो. झाकण मिटून चालविला तर त्याला बहुधा दहा-पंधरा वॅट लागतात, म्हणजे वर्षाकाठी नव्वद ते एकशे तीस युनिट. बॅटरी फुगली आहे काय, एवढे मात्र अधूनमधून पाहावे, आणि फुगली असेल तर ती तत्काळ काढावी.

जागेविषयी दोन शब्द. चिऱ्याच्या जाड भिंती वाय-फायच्या लहरी गिळून टाकतात, यास्तव राउटरपासून यंत्रापर्यंत तार ओढावी आणि यंत्र माजघरात, जमिनीपासून वर, खाऱ्या वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावे. उबेला मुंग्या येतात, त्यांचाही बंदोबस्त करावा. वैशाखअखेरच्या वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवण्याची आपल्या वाडवडिलांची रीत येथेही लागू आहे.

आता सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा प्रश्न. आणि लोक पेटीवर जितका खल करतात त्याच्या निम्माही यावर करीत नाहीत, हे मला विपरीत वाटते. रून हे देखणे आणि विद्वान सॉफ्टवेअर आहे, कलावंतांची चरित्रे आणि परस्परसंबंध ते हौसेने मांडते. पण ते महाग आहे, आणि २०२२ च्या सप्टेंबरात त्याची दुसरी आवृत्ती आली ती सदैव इंटरनेटची जोडणी मागत आली. आपल्याच घरातली, आपल्याच डिस्कवरची भैरवी ऐकण्यासाठी ज्याने तेव्हा परदेशातील दप्तराच्या परवानगीची अट घातली, त्या सॉफ्टवेअरवर जोडणी लहरीवर चालणाऱ्या गावात किती विसंबावे? प्लेक्सलाही खाते उघडावे लागते आणि त्याचा ओढा दिवसेंदिवस चित्रपट आणि जाहिरातींकडे आहे. याउलट ज्यांचा मूळ पाठ, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला आहे अशी सॉफ्टवेअरे मालक बदलला, रुसला किंवा दिवाळखोर झाला तरी टिकून राहतात, याचे दाखले या क्षेत्रात विपुल आहेत. लॉजिटेकने २००६ मध्ये स्लिम डिव्हायसेस ही कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये तिची स्क्वीझबॉक्स ही संगीत वाजविणारी यंत्रे बंद केली, २०२४ मध्ये त्यांना आधार देणारी आपली सेवाही थांबविली. तरीही त्या यंत्रांमागचा सर्व्हर लिरियन या नव्या नावाने आज चालू आहे आणि तेव्हाची यंत्रे त्यावर वाजत आहेत. सबसॉनिक या संगीत-सर्व्हरच्या कर्त्याने २०१६ मध्ये आपला पाठ बंद केला, पण फोन आणि सर्व्हर यांनी परस्परांशी कसे बोलावे याची त्याने घालून दिलेली पद्धत इतरांनी उचलली, आणि आज तीच या व्यवहाराची लोकभाषा झाली आहे.

ही लोकभाषा बोलणारा नॅव्हिड्रोम मला सर्वांत पसंत आहे. तो हलका आहे, रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या यंत्रावरही चालतो, स्वतःच्या मर्यादेबाहेर जात नाही, आणि त्याच्याशी बोलू शकणारी फोनवरची ॲप्स डझनावारी आहेत. एक नावडले तर दुसरे घ्यावे, संग्रहाला धक्का लागत नाही. ज्यांना ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर येथे एकाच वेळी एकच अभंग एका लयीत वाजवायचा आहे त्यांनी लिरियन पाहावा. लग्नमुंजीच्या चित्रफिती आणि जुन्या नाटकांची मुद्रणेही याच यंत्रात ठेवावयाची असतील तर जेलीफिन. या तिन्हींना पैसे पडत नाहीत, आणि तिन्ही एकाच फाइलींच्या ढिगावर एकाच यंत्रात शेजारी शेजारी नांदू शकतात. तेव्हा निवड चुकेल या भीतीने कोणी अडून बसण्याचे कारण नाही.

खरी मेहनत पुढेच आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी ध्वनिमुद्रण केले तेव्हा गाण्याच्या अखेरीस त्यांनी आपले नाव इंग्रजीत उच्चारून ठेवले. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत असत आणि तेथील कारागिरांना हे गाणे कोणाचे ते कळावे, हा त्यामागचा हेतू असल्याचे सांगतात. तेच काम आज फाइलीच्या पोटात लिहिलेल्या नोंदी करतात, आणि त्या नोंदींचे रकाने पाश्चात्य लोकप्रिय संगीताच्या सोयीने आखलेले आहेत: कलावंत, अल्बम, वर्ष, प्रकार. राग, ताल, साथीदार, मैफलीचे गाव यांना त्यांत स्थान नाही. तेव्हा ‘प्रकार’ या रकान्यात ‘शास्त्रीय’ असा निरर्थक शेरा मारण्याऐवजी सरळ रागाचे नाव लिहावे. सायंकाळी पूरिया धनाश्री निवडला की सहा गवयांचा पूरिया धनाश्री ओळीने समोर येतो, आणि हे सुख वर्गणीच्या ॲपमध्ये मला कधी लाभले नाही. नॅव्हिड्रोममध्ये तर २०२५ पासून आपले स्वतःचे रकाने काढण्याचीही सोय आहे. नावांची शिस्त आधी ठरवावी, नाही तर ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि ‘भीमसेन जोशी’ हे तीन निराळे गवई म्हणून तीन ठिकाणी बसतात. गीतरामायणाचा मामला याहून नाजूक आहे: १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून सादर झालेली ती छप्पन्न गीते तेव्हा अनेक गायक-गायिकांनी गायिली होती, तर घराघरांत पोहोचलेल्या तबकड्यांत सुधीर फडके एकटे गातात. ज्याच्याजवळ दोन्ही आहेत त्याने ती निरनिराळ्या अल्बमांत नोंदविली नाहीत, तर सर्व्हर त्यांची बेमालूम भेसळ करून देईल. पिकार्ड नावाचे साधन या नोंदी भरण्यास साह्य करते, पण मराठी संगीतापुरते त्याचे ज्ञान तुटपुंजे आहे. लेखणी आपल्यालाच चालवावी लागते.

मुंबईतल्या मुलाला गावच्या सर्व्हरवरचे गाणे हवे असेल तर राउटरमध्ये दार उघडून देऊ नये. २०२१ च्या जूनमध्ये जगभरातील वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह पेट्या परस्थांनी इंटरनेटवरून घुसून कोऱ्या केल्या, आणि त्यांच्या मालकांना सकाळी रिकामी कपाटे दिसली. शिवाय आपल्याकडच्या अनेक जोडण्यांना स्वतंत्र पत्ता मिळतच नाही, त्यामुळे उघडलेले दारही निरुपयोगी ठरते. टेलस्केलसारखी खाजगी वाट काढून घेणे सुरक्षित आणि सोपे आहे.

राहता राहिली नकलेची गोष्ट. दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहिणाऱ्या पेटीला लोक निर्धास्तपणाची सनद समजतात. पण हातून पुसले गेलेले गाणे ती दोन्ही डिस्कांवरून तितक्याच तत्परतेने पुसते, आणि वीज पडली तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. दुसरी नक्कल आंजर्ल्याबाहेर असावी, मग ती पुण्याच्या बहिणीकडे असो वा बोरिवलीच्या भावाकडे. गणपतीला चाकरमानी येतातच. त्यांच्याबरोबर जुनी डिस्क यावी, तिच्यावर वर्षभराची भर चढावी, आणि अनंतचतुर्दशीनंतर ती हवाबंद डब्यातून, आर्द्रता शोषणाऱ्या पुड्यांसह, परत जावी. सर्व्हरचा पासवर्ड आणि फाइलींच्या मांडणीचा अर्ध्या पानाचा खुलासा कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी, ठेवावा, आणि तो तेथे आहे हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावे.