पारण्याचा पहिला घोट

कॅमेरा घेताना ग्राहकाची नजर प्रथम मेगापिक्सेलवर जाते. चित्राचे भवितव्य मात्र लेन्सवर ठरते. सोबत मिळणारी १८-५५ मिमी लेन्स उजेडात उत्तम. परंतु अंधाऱ्या माजघरात आजीच्या अठाईचे पारणे टिपताना, ५५ मिमीवर तिचे एफ/५.६ छिद्र अपुरे पडते. एफ/१.८ची लेन्स सुमारे साडेनऊपट प्रकाश घेते. मात्र स्वस्त दिसणारी जुनी ‘एएफ-डी’ लेन्स निकॉन डी३५००वर आपोआप फोकस करीत नाही. त्या बॉडीत मोटरच नाही. तेथे ३५ मिमी एफ/१.८ची ‘एएफ-एस’ लेन्स घ्यावी. बॉडी लवकर जुनी होते. लेन्स त्याच माउंटच्या पुढच्या बॉडीवरही चालते. म्हणून भांडवल लेन्समध्ये घालावे. आठ उपवासांनंतरचा तो पहिला घोट पुन्हा टिपता येत नाही.