शिलेदाराचा घोडा आणि शिलेदाराची बायको

दर वर्षी 23 सप्टेंबर आला म्हणजे हैफाच्या लढाईचे स्मरण आपल्या देशात मोठ्या समारंभाने होते. 1918 साली त्या दिवशी जोधपूर व म्हैसूर संस्थानांच्या भालाईतांनी तोफा व मशीनगन यांच्या तोंडावर घोडे घालून ते शहर काबीज केले. दिल्लीतील तीन मूर्तींचे स्मारक त्या ब्रिगेडचेच असून 2018 सालापासून तेथील चौकास हैफाचे नावही जोडलेले आहे. हा सन्मान सर्वथैव योग्य होय. तथापि ह्या उत्सवात घोडा दिसतो, भाला दिसतो, सेनापतीचे नाव ऐकू येते. साध्या स्वाराचे घर मात्र कोठेच दिसत नाही. साताऱ्याकडील व कोकणातील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसविलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. गावातून इतके लोक लढाईस गेले, पैकी इतके मेले, एवढेच त्यांवर कोरलेले. नाव नाही, मग मागे राहिलेल्यांची वार्ता कशाची? आज आम्ही ह्या मागे राहिलेल्यांविषयीच चार शब्द लिहिणार आहोत, कारण त्यांचा प्रश्न 1918 साली संपलेला नसून तो आमच्या दारी आजही उभा आहे.

शिलेदार म्हणजे काय हे मराठी वाचकांस सांगावयास नकोच. सरकारी घोड्यावर बसून चाकरी करणारा तो बारगीर, आणि पदरचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. इंग्रजांनी ही रीत देशी राजांपासूनच उचलली व 1914 साली हिंदी लष्करातील बहुतेक रिसाले ह्याच पद्धतीवर चालत होते. पायदळाच्या शिपायास त्या काळी दरमहा 11 रुपये मिळत. स्वाराचा पगार त्याच्या सुमारे तिप्पट दिसे. पण हा आकडा फसवा आहे! रिसाल्यात शिरतानाच उमेदवारास काही शेकड्यांची रक्कम अनामत भरावी लागे. पुढे घोड्याचा दाणावैरण, खोगीर, पोशाख, दोन स्वारांमागे एक मोतद्दार व एक तट्टू हा सारा खर्च त्याच पगारातून. घोडा मेला तर दुसरा घेता यावा म्हणून फंडाची वर्गणी निराळी. सरकार देणार ती बंदूक व दारूगोळा. आमच्या व्यापारी वाचकांच्या भाषेत बोलावयाचे तर शिलेदार हा नोकर नव्हता, तो आपले भांडवल घेऊन आलेला लहानसा भागीदार होता. आणि ते भांडवल घरच्या जमिनीतून, बैलांतून व बायकोच्या अंगावरील डागांतून उभे राहात असे. जी लढाई त्याच्या घोड्याच्या जिवावर उठे ती त्याच्या संसाराच्या मुळावरही उठे. महायुद्धात घोडे इतक्या झपाट्याने खपू लागले की ही पद्धत टिकणे शक्यच नव्हते. युद्धानंतर 39 रिसाल्यांचे 21 झाले आणि शिलेदारी कायमची मोडली.

येथे एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. पुण्याचे नाव धारण करणारा रिसाला 1817 साली पेशव्यांशी झालेल्या तहातून जन्मास आला खरा. परंतु 1914 साली तो फ्रान्सला निघाला तेव्हा त्यात राजपूत व मुसलमान स्वारांचाच भरणा होता. लढवय्या व बिनलढवय्या जातींच्या सरकारी सिद्धांताचा हा प्रसाद! घोडदौडीवर ज्यांनी राज्य कमावले ते मराठे ह्या युद्धात मुख्यतः पायदळात दिसतात, आणि 1916 च्या एप्रिलात कुट-अल-अमारा शत्रूच्या हाती पडले तेव्हा कैद झालेल्यांत मराठ्यांची पलटणही होती.

असो. 1914 च्या अखेरीस घोडदळाच्या दोन हिंदी डिव्हिजन फ्रान्सात उतरल्या. घोडे मागे बांधून स्वार पायउतार झाले व चिखलाच्या खंदकांत पायदळाबरोबर बसले. शत्रूची फळी फुटेल, मग आपण दौड करू, ह्या आशेवर वर्षे गेली. 14 जुलै 1916 रोजी सोमच्या रणांगणी दख्खनच्या रिसाल्यास भाले सरसावण्याची संधी मिळाली, ती काही घटकांपुरती. 1915 सरता सरता हिंदी पायदळाचा बहुतेक भाग फ्रान्समधून हलविण्यात आला. घोडदळ मात्र 1918 च्या वसंतापर्यंत तेथेच राहिले, आणि तेथून घरी न येता मिसर देशास व पॅलेस्टाइनास गेले. रजा क्वचित व थोड्यांस. म्हणजे 1914 साली दारात उभ्या असलेल्या बायकोचा निरोप घेऊन निघालेल्या स्वारास तिचे तोंड चार-चार वर्षे दिसू नये, असा हा हिशेब. 1 ऑक्टोबर 1918 रोजी दमास्कस पडले. नेमक्या त्याच सुमारास हिंदुस्थानात इन्फ्लुएंझाने कहर मांडला होता. त्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे मेली. ज्या घरासाठी स्वार तोफांच्या तोंडी जगला ते घर त्याच्या परतीपर्यंत जगलेच असेल ह्याची शाश्वती कोणी द्यावी?

ह्या स्वारांच्या संसाराची माहिती आज आपणांस आहे ती एका चमत्कारिक कारणाने. सरकारने त्यांची पत्रे उघडण्यासाठी फ्रान्सात स्वतंत्र कचेरी घातली होती, आणि तेथील अधिकारी दर आठवड्यास पत्रांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर वर पाठवीत. ते अहवाल लंडनमध्ये जपलेले आहेत. बहुतेक स्वार निरक्षर. ते सांगत व दुसरा लिही. गावी पत्र पोचे तेव्हा बायकोस वाचता येत नसे. ते मास्तर किंवा दीर चारचौघांत वाचून दाखवी. नवराबायकोच्या गोष्टीत लेखक, तपासनीस व वाचक असे तीन परके नेहमी बसलेले! घरच्यांना भरती होऊ नका असे सुचवावयाचे तरी ते आडून सुचवावे लागे. गोऱ्या व हिंदी फौजांस तांबडी व काळी मिरची म्हणण्याची युक्ती तर प्रसिद्धच आहे. ह्या पत्रांत पराक्रमाच्या गोष्टी थोड्या. पीक, कर्ज, मुलांची लग्ने, भाऊबंदांच्या कुरबुरी यांचीच चौकशी फार.

पण त्यांत एक सूर असा आहे की जो आमच्या जुन्या सुधारकांनी ऐकला असता तर त्यांस धन्यता वाटली असती. फ्रान्सच्या खेड्यांत मुक्काम असता ह्या शेतकरी स्वारांनी पाहिले की पुरुष लढाईवर गेले तरी बायका नांगर चालवितात, दुकान सांभाळतात, हिशेब लिहितात, आणि लढाईवरील मुलाचे पत्र आपले आपण वाचतात. कित्येकांनी गावी लिहिले की मुलींस शाळेत घाला. सभेत ठराव करून जे पटत नव्हते ते खंदकामागील एका म्हाताऱ्या शेतकरणीने न बोलता पटविले. ह्या उपदेशाचे घरी किती चीज झाले हे निराळे. तो विद्वानांनी केलेला नसून ज्याला स्वतः सही येत नव्हती अशा माणसाने केला होता, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता कायद्याकडे वळू. शिपाई आघाडीवर असता भाऊबंदांनी त्याच्यावर दावे लावून एकतर्फी हुकूमनामे मिळवू नयेत म्हणून 1918 साली व पुन्हा 1925 साली कायदे झाले, आणि ते उचितच होते. परंतु तो शिपाई परत आलाच नाही तर त्याच्या बायकोचे काय? 1856 च्या ज्या कायद्याने हिंदू विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने, पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क काढून घेतला. पंजाब व हरियाणाकडील शेतकरी जातींत तिचा दिराशीच संबंध लावण्याची चाल होती. जमीन घरात राहिली, पेन्शन घरात राहिले आणि बाईही घरात राहिली; तिची इच्छा ही चौथी बाब कोणी मोजली नाही. स्वाराच्या घोड्याची नोंद रिसाल्याच्या वहीत असे; त्याच्या बायकोची नोंद कुटुंबाच्या मालमत्तेत होत असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कोणी म्हणेल, ह्या इंग्रजी अमलातील गोष्टी झाल्या. मग हे ऐकावे. 1956 च्या वारसा कायद्याने विधवेस पतीच्या हिश्शाची पूर्ण मालकी दिली. तरीही स्वतंत्र भारतात शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता मृत वीराच्या विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे. आणि दिराशी लग्न केले तर मात्र चालू राहात असे! ही अट संरक्षण खात्याने रद्द केली ती 2017 च्या नोव्हेंबरात. मिळकतीच्या कायद्याने सोडलेली बेडी भत्त्याच्या नियमाने पुढे 61 वर्षे जपून ठेवली.

2024 साली ह्याच्या उलट बाजूने वाद उठला. पतीच्या मृत्यूनंतर सून सासर सोडून गेली तर म्हाताऱ्या आईबापांनी काय करावे, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून जोराने विचारला गेला. तो खोटा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्यांनी एकुलता मुलगा दिला त्यांस उतारवयात कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हे सरकारचे कर्तव्यच आहे, आणि त्यासाठी आईबापांचा निराळा व निश्चित वाटा ठरवावा. परंतु हा वाटा विधवेने घरी राहावे किंवा पुन्हा लग्न करू नये ह्या अटीवर टांगता कामा नये. आईबापांची तरतूद ही सरकारची देणी होत. ती तरुण विधवेच्या आयुष्यातून वसूल करण्याचा अधिकार कोणास नाही. दोन्ही हक्क एकमेकांचे वैरी आहेत हा समज तिजोरीच्या सोयीचा आहे, न्यायाचा नव्हे.

आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून सैनिक कल्याण कार्यालये आहेत व त्यांचे काम पुष्कळ ठिकाणी आस्थेने चालते. त्यांनी एवढे करावे. गावचा मुलगा भरती झाला अथवा त्याचे लग्न झाले की त्याच्या बायकोच्या हाती, सासऱ्याच्या किंवा दिराच्या नव्हे, सोप्या मराठीत छापलेला एक कागद द्यावा. पेन्शन कोणाचे, भत्ता कोणाचा, बँकेचे खाते कोणाच्या नावे, अर्ज कोठे करावयाचा, पुनर्विवाह केल्यास काय राहते व काय जाते, हे त्यात स्पष्ट असावे. आणि आईबापांसाठी असाच दुसरा कागद असावा. येत्या 23 सप्टेंबरास व्याख्यानांबरोबर ह्या कागदांचे वाटप कोणत्या जिल्ह्यात सुरू झाले, हे आम्ही अवश्य विचारणार आहोत.