पिवळ्या सलाईनने ताकद येते का? पैसा लघवीवाटे जातो, खरी कमतरता तशीच राहते

खुरपणी, सोयाबीन काढणी, कापूस वेचणीची धांदल उरकली की खेड्यातल्या दवाखान्यांत एकच मागणी ऐकू येते, "डॉक्टर, अंगात त्राण नाही, एक ताकदीची सलाईन लावा." बाटली पिवळी दिसली की पेशंट खूश. दिवसाची मजुरी मात्र तिथेच जाते.

हा पिवळा रंग असतो बी-२ जीवनसत्त्वाचा. सोबत ५ टक्के ग्लुकोजची ५०० मिलीची बाटली असेल तर त्यात साखर २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. 'ब' गटातली बहुतेक जीवनसत्त्वे आणि 'क' पाण्यात विरघळतात. शरीर गरजेपुरती ठेवते, उरलेली मूत्रपिंड बाहेर टाकते. म्हणून सलाईननंतर लघवी पिवळीधमक होते. जादा युरिया टाकला अन् पावसात ओढ्याला गेला, तशातली गत. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असेल तर सलाईनचा उपयोग होतो, पण ती वेगळी गोष्ट.

'अ', 'ड', 'ई', 'के' ही चरबीत विरघळणारी. यातली 'अ' आणि 'ड' शरीरात साठत जातात. 'ड'ची ६०,००० युनिटची गोळी डॉक्टर ठरावीक आठवडेच देतात. तीच मनाने महिनोन्महिने घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

मग गोळ्या कोणालाच नकोत का? तसे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांत रक्त कमी आढळले. गरोदरपणात लोह-फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, १८० दिवस घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. पण मळमळते, शौचाला काळे होते म्हणून पाकिटे फडताळात पडून राहतात. काळे होणे हे लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

बी-१२ मिळते दूध, अंडी, मासे, मटणातून. माळकरी घरात सगळे दूध डेअरीला गेले तर ते येणार कुठून? मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. हातापायाला मुंग्या येत असतील तर तपासून घ्यावे.

माती परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये, हे आता शेतकऱ्याला पटले आहे. अंगाचा हिशेबही तोच. आधी रक्त तपासा, मग गोळी. बाकीच्यांसाठी भाकरी, डाळ, पालेभाजी आणि पेलाभर दूध घरातच आहे.