‘तिथे काही नाही’

जैसलमेरच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानाबद्दल पर्यटकांची एक तक्रार वारंवार कानी पडते: तिथे पाहण्यासारखे काही नाही. समची वाळूची टेकाडे, उंटाची सवारी आणि रात्रीचा नाच उरकला की त्यांचा थर संपतो. सुदासरीच्या गवताळ सपाटीकडे वळणारा विरळाच.

ही तक्रार निरुपद्रवी नाही. जी नजर पर्यटकाची, तीच महसुली दप्तराची. जिथे झाड दिसत नाही ती जमीन ‘पडीक’, आणि पडीक म्हणजे कोणालाही देऊन टाकण्याजोगी!

वास्तविक ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात वाळूची टेकाडे हा लहानसा भाग आहे. उरलेल्यात सेवण गवत आहे, केर, फोग आणि खेजडी आहे, माणसांची गावे आणि त्यांची गुरे आहेत. आपल्याकडच्या देवरायांप्रमाणे देवाच्या नावाने राखलेली ‘ओरणे’ या मुलखात आहेत. आणि आहे माळढोक: वर्षाकाठी बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा पक्षी. जगात उरलेल्या सुमारे दीडशे माळढोकांपैकी बहुतेक याच मुलखात आहेत. समोरचे नीट न दिसणाऱ्या या जड पक्ष्याला विजेच्या तारा ऐनवेळी चुकवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

यावर ठरलेला प्रतिवाद असा, की देशाला सौरऊर्जा नको काय? हवीच. परंतु प्रश्न सूर्य की पक्षी असा नाहीच. ऊर्जेचा हिशेब मांडताना गवताळ रानाची किंमत शून्य का धरली जाते, हा खरा प्रश्न आहे.

मराठी माणसाने तरी हा प्रश्न परका मानू नये. ‘माळ’ हा शब्द आपण त्या पक्ष्याच्या नावातच जपला. माळ मात्र जपला नाही. १९७९ साली घोषित झालेल्या सोलापूर-नगरच्या अभयारण्यात माळढोक आज जवळपास दिसेनासा झाला आहे.

तेव्हा जैसलमेरला अवश्य जावे, सुदासरीलाही जावे. दिवसभर थांबून माळढोक न दिसण्याचीच शक्यता अधिक. परंतु परतल्यावर ‘तिथे काही नाही’ असे मात्र लिहू नये. त्या वाक्याची वाट पाहणारे बरेच आहेत.